पांढरी रेघ

५ मार्च

चि. बारकीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यापासून घर रिकामे आणि गॅरेज त्याहून रिकामे झाले आहे. तुझ्या दोन सीटच्या गाडीने जागा ती केवढीशी अडवली होती, पण आठ दिवस मी तिच्याभोवतीच घिरट्या घालत होतो, हे ती गेल्यावर कळले. आत्या म्हणते, दादाला आता सकाळी उठायला कारणच उरले नाही.

काय काय केले ते लिहून ठेव. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, गाडी दोन बोटे खाली बसली. पुढच्या दोन्ही चाकांना ब्रेकचे नवे कॅलिपर आणि त्यांत नवे पॅड. स्टेपनी, रेडिओ, खालचा गालिचा आणि बाजूची सीट काढली. मिळून एक्केचाळीस किलो गेले. आत्याने विचारले, मग मला फिरायला कशात नेणार? मी म्हणालो, आधी तू वजन कमी कर. त्यावर मला दोन दिवस बिनसाखरेचा चहा मिळाला.

ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेक ऑइल बदल. सारखा ब्रेक दाबला की जुने तेल उकळते आणि पेडल थेट तळाला जाते. टायरची हवा गाडी गार असताना मोज. इंजिनाच्या मागे लागू नकोस. हलकी गाडी थोडक्या ताकदीतही पळते. ती थांबते कशी ते महत्त्वाचे.

आणि नेहमीचा नियम. ज्या बोल्टवर माझी पांढरी रेघ आहे त्याला कोणी पाना लावायचा नाही. टॉर्क पाना ठरल्या जोराला खट् वाजला की मगच मी रेघ ओढतो. पुन्हा पुन्हा आवळून बोल्ट ताणला जातो. बहिऱ्याला खट् कसे कळते म्हणून डेपोत सगळे हसायचे, पण ते मनगटाला कळते, कानाला नाही. एकतीस वर्षे त्या रेघेवर बसगाड्या बाहेर पडल्या आहेत.

फोन करू नकोस. डेपोने पेन्शन दिले आणि माझे कान ठेवून घेतले. तू फोनवर ओरडतेस ते शेजाऱ्यांना ऐकू जाते, मला नाही. पत्रच लिही.

लोभ असावा, आणि टायरमध्ये हवा असावी.
बाबा


१० मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. (नमस्कार लांबूनच, हाताला ग्रीस आहे.)

ब्रेक ऑइल बदलले. हवा गार असताना मोजली. आता तरी रात्री स्वस्थ झोपा.

काल ट्रॅकवर सरावाला दोन तास मिळाले. बाबा, गाडी अशी वळते की मनात आणावे आणि तिने वळावे. आधी वळणावर तिला समजूत घालून न्यावे लागायचे. दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासून मान धरते, पण गाडीत बसले की मान, पाठ, मालक, सगळे विसरायला होते.

एक किरकोळ गोष्ट. सरळ रस्ता संपतो तिथे जोरात ब्रेक दाबावा लागतो. त्या वेळी पुढून डावीकडे एकदा ठक् असे वाजते. पेडलही किंचित लांब जाते. नवे पॅड अजून बसायचे असतील असे मला वाटते. तिथला टायरवाला म्हणाला, चाक काढून बोल्ट तपासून घ्या. मी त्याला सांगितले की तिथे आमच्या बाबांची पांढरी रेघ आहे. तो हसला. हसू दे. त्याचा पाना मी लागू दिला नाही.

२४ तारखेला, रविवारी, पूर्ण दिवस ट्रॅक मिळणार आहे आणि वेळ मोजणार आहेत. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग एकशे सत्तरला जाईल. तुम्ही वाचून कपाळाला हात लावणार, म्हणून आधीच सांगून टाकते.

आत्याला म्हणावे, सीट परत बसवीन, रुसू नकोस.

तुमचा लोभ आहेच. रागही थोडा असू द्या, त्याशिवाय करमत नाही.
बारकी


१४ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद. वि. वि.

ठक् कधी वाजते ते नीट लिही. खड्ड्यावरून जाताना वाजते का? ब्रेक सोडल्यावर पुन्हा वाजते का? एकदाच वाजते म्हणजे दर वेळी एकदा, की दिवसातून एकदा?

२४ तारीख पुढे ढकलता आली तर ढकल. टायर जुने आहेत. शिवाय त्या सुमारास हवा कशी असते ते सांगता येत नाही. मी एकदा येऊन बघून जाईन म्हणतो. तुझ्या गाडी चालवण्याविषयी मला शंका नाही. माझी मेली सवय आहे, डोक्यात काही आले की घोळत राहते.

टायरवाला माणूस कसा आहे? वयाने किती? त्याला काम येते का?

लोभ असावा. पत्राचे उत्तर लगेच पाठव.
बाबा


२० मार्च

चि. बारकीस,
आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

माझे पत्र पाहून घाबरू नकोस असे लिहिणार होते, पण थोडी घाबरलीस तर बरेच होईल. तुझे दादाला आलेले उत्तर मी वाचले. टायर नवे घातले, हवा छान आहे, तुम्ही उगाच काळजी करता. ते वाचून तो जेवला नाही.

फोन करणार होते. पण आपला फोन त्याच्या खुर्चीसमोर, आणि तो माझे ओठ वाचतो. बाहेरून करावा तर मला रडू येईल आणि निम्मे सांगायचे राहील.

बारके, गेले दोन महिने त्याच्या शर्टाची बटणे मी लावते आहे. काज लहान झाली म्हणतो. सगळ्या शर्टांची? परवा कपातला चहा हातावर सांडला, वाफा येत होत्या, आणि हा पेपर वाचत बसला. मी ओरडले तेव्हा त्याने खाली पाहिले. बोटे बधिर झाली आहेत त्याची. डॉक्टरचे नाव काढले की उठून गॅरेजमध्ये जातो.

तुझे ठक्चे पत्र आल्यापासून तो तिथेच असतो. एक बोल्ट पकडीत अडकवतो आणि डोळे मिटून टॉर्क पाना ओढत बसतो. मला पाठीमागे उभे केले आणि म्हणाला, खट् वाजले की माझ्या खांद्यावर हात ठेव. नऊ वेळा केले. पाच वेळा मी हात ठेवल्यावरही तो ओढतच राहिला. दोनदा वाजायच्या आधीच थांबला आणि म्हणाला, झाले. तुझ्या गाडीचे काम केले तेव्हाही असेच होते का, मला ठाऊक नाही. त्यालाही ठाऊक नाही आणि तेच त्याला खाते आहे. केराच्या डब्यात चार पत्रांचे तुकडे सापडले. चारही ‘ती रेघ’ इथपर्यंत येऊन फाडलेली.

रेघ असली तरी पाना लाव. माझे नाव सांगू नकोस, त्याला फार लागेल. हे शनिवारपर्यंत मिळेल. मिळाल्याबरोबर फोन कर आणि नुसते मिळाले म्हण.

आता पेटीत टाकायला निघते. बटणे आणायला जाते असे त्याला सांगितले, तर म्हणाला, पोस्टाची पेटी अडीचला उघडतात. मध्येच हे काय आठवले कोण जाणे.

माया आहेच, ती काय लिहायची. जपून राहा.
आत्या


२४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज रविवार, सकाळचे दहा. या वेळी मी ट्रॅकवर असायला हवी होते. घरी आहे. जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे आणि गाडी खाली मागच्या दोन चाकांवर, पुढून जॅकवर उभी आहे.

काल राहवले नाही म्हणून पुढची दोन्ही चाके काढली आणि नियम मोडला. डावीकडे कॅलिपरच्या दोन बोल्टांपैकी खालचा मी नुसत्या बोटांनी फिरवला, बाबा. फिरला. वरचा अर्धवट आवळलेला होता. उजवीकडचा एक इतका आवळला होता की सोडवताना त्याचे आटे निघून आले. चारींवर तुमची रेघ आहे, सरळ, सुबक, नेहमीसारखी.

मला तुमचा भयंकर राग आला. तासभर मी फरशीवर बसून तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. मग सरळ रस्त्याचा शेवट डोळ्यांसमोर आला आणि मी पाना खाली ठेवून दिला. राग मग राहिला नाही. सगळे ठीक निघाले असे तुम्हाला कळवावे, असेही मनात आले होते. पण उद्या तुम्ही दुसऱ्या कोणाच्या गाडीला रेघ ओढाल, म्हणून खरे लिहिते आहे.

आमच्या दुकानात रोज माणसे येतात. दिसत नाही म्हणायची लाज वाटते म्हणून तक्त्यावरची अक्षरे अंदाजाने वाचतात. एक आजोबा तर तक्ता पाठ करून आले होते. मी त्यांना रागावले नाही, दुसरा तक्ता लावला. तुम्ही हात दाखवायला डॉक्टरकडे जा. माझ्यासाठी जा.

नवे बोल्ट आणले आहेत, अजून बसवले नाहीत. जुन्यांवरची रेघ पुसलेली नाही आणि ते टाकलेही नाहीत. काय करायचे ते तुम्ही सांगा.

लोभ कमी झालेला नाही, हे आज मुद्दाम लिहिते.
बारकी


२८ मार्च

चि. बारकीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

जुने बोल्ट टाकून दे.

आत्याचे नाव तू लपवलेस ते चांगले केलेस, पण मला माहीत होते. बटणे आणायला निघालेल्या बाईच्या बोटाला शाई होती. पेटीची वेळ मी उगीच सांगितली नाही. चार दिवस स्वतः लिहायला बसलो आणि जमले नाही. भ्यालो. पोरीच्या जिवापेक्षा मला माझी रेघ मोठी वाटली, हे लिहिताना मान खाली जाते. शनिवारी तुझा फोन आला नसता तर मी संध्याकाळची गाडी पकडणार होतो, बूट दाराशी काढून ठेवले होते. आत्या मुद्दाम माझ्याकडे पाठ करून बोलत होती. तिचे खांदे सैल पडलेले पाहिले आणि बूट आत नेऊन ठेवले.

तुझ्यानंतर मी दोन गाड्यांना रेघ ओढली होती. मास्तरांच्या आणि दूधवाल्याच्या. मंगळवारी आत्याला घेऊन दोघांकडे गेलो आणि दारात उभा राहून सांगितले. मास्तरांचा एक बोल्ट ढिला निघाला. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. काल डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी डोळे मिटायला लावून बोटांना दहा वेळा सुई टोचली. मला चार कळल्या. पुढच्या तपासण्या सांगितल्या आहेत, त्या करीन.

सोबत पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारीक ब्रश पाठवतो आहे. झाकण घट्ट लावले आहे, आत्याने लावले. आता रेघ तू ओढायची.

रविवारी मी येतो. नवे बोल्ट तोवर बसवू नकोस. बाजूची सीट परत बसव, वजन वाढले तर वाढू दे. पाना तू ओढ, मी समोर बसून तुझ्याकडे बघत राहीन. खट् वाजले की मान हलव, म्हणजे मला ऐकू येईल.

लोभ आहे तसाच ठेव.
बाबा