उतरवलेलं नाव

सोमवार, ४ ऑगस्ट
आलो एकदाचे सालातिगाला! हवा गार, भाडं झेपणारं, मागे फणसाचं झाड. माझी बायको रात्मी तर सामान सोडायच्या आधीच फणसाच्या भाजीच्या गोष्टी करू लागली. नोकरीही बसल्या जागची. माझ्या साध्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा, सेव्ह केला की तो चालतो तिकडे जकार्तातल्या मोठ्या मशीनवर. नद्यांवरच्या पावसाचे आकडे ते मोजतं आणि उत्तर माझ्या पडद्यावर. राबणारा तिथे, मी इथे चहा पितोय. थाटच आहे बुवा!

मशीनवरच्या आपल्या जागेला नाव द्या, असं आमचे साहेब पाक हेंद्रो म्हणाले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सुमार्नोनं म्हणे आपल्या झुंजीच्या कोंबड्याचं दिलंय. मी दिलं ‘कंचनासारी’, आमच्या लेकीचं, तिनीचं, पहिलं नाव. तान्ही असताना सारखी आजारी पडायची. नाव जड झालंय, पोरीला पेलवत नाही म्हणून ते उतरवलं, रीतीप्रमाणे लाल-पांढरी खीर वाटली आणि ‘तिनी’ हे नाव ठेवलं. तेव्हापासून पोर ठणठणीत. पण इतकं गोड नाव वाया का घालवायचं?

मंगळवार, ५ ऑगस्ट
आईचा फोन. मशीनला दिलेलं नाव ऐकून कडाडलीच. अरे गाढवा, उतरवलेलं नाव परत कुणी घरात बोलावतं का? म्हटलं, अगं घरात कुठे, जकार्तात आहे ते. तर म्हणे, रोज दार तूच उघडून बसतोस ना? मला हसू आलं.

पावसाच्या आकड्यांखाली एक जास्तीचा आकडा येतोय. ३६.८. मी तो मागितलेला नाही. चूक उद्या शोधीन.

गुरुवार, ७ ऑगस्ट
तिनी हाकेला ओ देत नाही. रात्मी ओरडली, कान फुटले का गं? पोर ढिम्म. अंग तापलंय. थर्मामीटर लावला, ३९.४.
पडद्यावर, पावसाखाली, ३९.४.


शुक्रवार, ८ ऑगस्ट
मशीनवरचं नाव पुसलं. तिनीचा श्वासच थांबला — रात्मीची किंकाळी — नाव परत टाकलं, तेव्हा कुठे पोरीनं श्वास घेतला. डॉक्टर म्हणतात साधा ताप आहे.

पाक हेंद्रोंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, झोप काढा जरा. रविवारी दुरुस्तीसाठी सगळी मशिनं बंदच राहणार आहेत. मी रडलो, हातापाया पडलो. एका तापासाठी कंपनी थांबत नाही, म्हणाले.

शनिवार, ९ ऑगस्ट
आई आली. खीर केली. तिसरं नाव कानात सांगितलं. तिनीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.
आई म्हणाली, परत आलेलं नाव रिकाम्या हातानं जात नाही. कुणाचं तरी नाव घेऊनच जातं.
मला काहीच करता येत नाही. नुसता बसलोय.

रविवार, १० ऑगस्ट
तिकडे एकेक मशीन बंद करायला लागलेत. आकडा उतरतोय. ३५. ३४. हातपाय गार पडलेत तिचे. साहेब फोन उचलत नाहीत —

कुणाचं तरी —

तिचं नाव पुसलं. तिथे माझं लिहिलं. सेव्ह केलं.

आकडा चढला! तिनी उठून बसली. खीर मागतेय. देवा —

रात्मी कुणाला तरी हाका मारतेय. तेच नाव, पुन्हा पुन्हा. रडतेय बिचारी. कोण हा माणूस, ओ का देत नाही?

माझा खांदा का हलवतेय —

मशीन बंद होतंय. इथे तरी लिहून ठेवतो. माझं नाव