तीनशे कटलेटं आणि उपांत्य सामना

आदरणीय मोठे मेहुणे वेन-पिन यांस,

च्याईहून तुमच्या बहिणीचा, यू-मेइचा, नवरा जिन-शुई याचा वाकून नमस्कार. आधी हिशेब सांगतो. "दिली!" या एका शब्दाची खरी किंमत: तीनशे चिकन कटलेटं, तेलाचे चार डबे, माझा घसा आणि यू-मेइचा तीन दिवसांचा अबोला (तो फुकटात पडला असं वाटेल, पण अबोल्यात ती भांडी फार जोरात ठेवते). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे बेसबॉलपुरते जिवंत आहोत.

घडलं ते असं. बेसबॉलच्या स्पर्धेत आपली पोरं पहिले दोन सामने हरली, तेव्हा दुकानात सुतक पडल्यासारखं झालं होतं. समोरच्या चहावाल्या काओताई मुद्दाम मला डिवचत म्हणाल्या, "काय हो लियाओशेठ, संघ जिंकला तर हे फुकट, ते फुकट, असं गावभर दुकानदार बोलून बसलेत. तुमचीच कढई तेवढी मुकी?" मी हातगाडीपासून वर आलेला माणूस, न तोललेला शब्द माझ्या तोंडून पडत नाही. मी तोलला. बेसबॉलची मला पारख आहे, पिचरचा खांदा बघून निकाल सांगतो. हा संघ अंतिम फेरीत जाण्यापेक्षा माझी कढई उडत तैपेईला जाणं सोपं, एवढी माझी खात्री होती. म्हणालो, "अंतिम फेरी गाठली, तर सामन्याच्या दिवशी तीनशे कटलेटं फुकट. दिली!" बाईंनी ते तिथल्या तिथे पुठ्ठ्यावर लिहून माझ्याच दारावर चिकटवलं.

त्या दिवसापासून पोरं हरायचंच विसरली! एरवी ज्याला चेंडू दिसत नाही तोही होमरन मारू लागला. लोक सामना बघून माझ्या दारावर येत आणि पुठ्ठा वाचून, "शेठ, मिरपूड जरा जास्त हं," असं सांगून जात.

उपांत्य सामन्याच्या सकाळी मी गुपचूप भूमीदेवाच्या देवळात गेलो. उदबत्ती लावली आणि मनातल्या मनात विचारलं, "देवा, आज हरतील ना?" कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी. होकार! पुन्हा टाकल्या, होकार. तिसऱ्यांदाही होकार! डोळे उघडतो तर मागे अर्धी गल्ली उभी. "तीनदा होकार! शेठनी विजय मागून घेतला!" म्हणून काओताईंनी टाळ्या पिटल्या. आता काय सांगणार, मी काय मागितलं ते? निवृत्त ड्रिलमास्तर शुए गुरुजींनी मला संध्याकाळी टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीत बसवलं, शुभशकुन म्हणून.

शेवटचा डाव. एका धावेने मागे, दोन गडी बाद, एकजण दुसऱ्या तळावर. आणखी एक बाद झाला की माझा शब्द आणि माझं तेल, दोन्ही वाचणार. आणि मेहुणे, मी खुर्चीवर उभा राहून बोंबलत होतो, "मार रे माझ्या वाघा, मार!" त्याने मारला. चेंडू कुंपणापार गेला, दोन धावा, आपण अंतिम फेरीत! मी गुरुजींना कवटाळलं (त्यांच्या बरगड्या अजून दुखताहेत) आणि म्हणालो, "विजेते झालो तर सहाशे!" तेवढ्यात यू-मेइने माझ्या हातातला झारा काढून घेतला.

उद्या रविवार, अंतिम सामना. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
जिन-शुई

ता.क. पत्र कोंबड्यांच्या गाडीवाल्याजवळ देतोय. फोनवर तुमचा नकार लगेच ऐकू येतो. उद्या सकाळी दहापर्यंत या आणि कढईवर उभे राहा. सैन्यात तुम्ही पाचशे जणांचं रांधलंय, हे तर तीनशेच. शब्द दिलाय, दुकान बंद ठेवलं तर गल्लीत तोंड दाखवता येणार नाही.

ता.क. २. "तुम्ही कुठे असाल?" असं तुम्ही विचारालच. मी तैपेईला, मैदानात. अंतिम सामन्याचं तिकीट मी स्पर्धेच्या पहिल्या सामन्याच्या महिनाभर आधी काढलं होतं.