गोखरू का पेरूची पानं

३ नोव्हेंबर १९८६
फर्स्ट शिफ्ट. क्रेनवरून लघवीले पाच वेळा उतरलो. इतक्या पायऱ्या उतरा, चढा, अन् खाली उभं राहिलं तर धार लागेच ना. थेंब थेंब. वर येऊन बसलो की पुन्हा तेच. खाली हूक लावणारा साहू ओरडला, "का होगे गा?" म्हटलं, काय होणार, चहा जास्त झाला.

५ नोव्हें.
डॉक्टर म्हणते प्रोस्टेट वाढलं, ऑपरेशन करा. चिठ्ठी देली. म्हणजे क्रेन गेलीच. अनफिट लिहून स्टोअरमध्ये बसवतीन. वीस वर्षं वर बसलो, आता नटबोल्ट मोजत बसू? सौ.ले म्हटलं, मी नाही करत ऑपरेशन.

८ नोव्हें.
कुम्हारीच्या वैद्याकडून गोखरू अन् वायवर्णाची साल आणली. चहा बंद. सौ. रोज सकाळी काढा उकळून देते. असा तुरट की बापरे! आजपासून लघवीचा हिशोब लिहितो. ल. ५.

१७ नोव्हें.
ल. ४. की पाच? एकदा उगाच उतरलो होतो.

२६ नोव्हें.
ल. २!! धारही बरी. मानलं बुवा गोखरूले. साहूलेही सांगितलं, त्याच्या मोठ्या भावाले हाच त्रास. घरी सौ.ले सांगितलं तर ती मेथीच निवडत बसली.

३० नोव्हें.
आज बोलली. पुडी कधीचीच संपली. धने-जिरे अन् घरामागच्या पेरूची पानं उकळून देऊन राहिली होती. "तुमाले बरं वाटून राहिलं होतं, मंग कावून सांगू?"
लय भांडलो. पण मग दोनावर आलो ते कशानं? पेरूनं? चहा सोडला म्हणून? का आपोआपच... कोणाले विचारू?

४ डिसें.
रागानं चार दिवस काढा घेतला नाही. आज हुकाले लोखंडाच्या रसानं भरलेली लेडल, खाली माणसं. उतरणार कसा? वरच पँट ओली झाली. या वयात! रडूच आलं. खाली उतरल्यावर साहूनं पाहिलं. आपला गमछा देला.

५ डिसें.
सौ.नं तिच्या भावाले पाठवून नवी पुडी आणवली. सकाळी गॅसपाशी भांडं घेऊन उभी. "काय टाकू, हे का पेरू?"
डॉक्टरची चिठ्ठी अजून शर्टाच्या खिशात आहे.
म्हटलं, तुले जे टाकाचं ते टाक. फक्त मले सांगू नको.