जावळाची लोकर

बदनापूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय रायभान,

सप्रेम नमस्कार. तू आणि आसरावहिनी खुशाल असाल. मेंढरं तर आपल्या सगळ्यांहून खुशाल असतील.

त्याच मेंढरांविरुद्ध माझी ही रीतसर तक्रार. परवा घनसावंगीहून तू धाडलेलं दुसरं पोतं बसनं पोचलं. निम्मी लोकर, निम्मे गोखरू. एक टाचेत घुसला आणि अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या या तोंडातून जे निघालं, ते कुठल्याही कोशात सापडायचं नाही.

तू टकळी शिकवलीस तेव्हा माझं पहिलं सूत बघून म्हणाला होतास, "मास्तर, हा धागा हाये का गांडूळ?" दिवाळीपर्यंत तोच धागा चांगला बारीक निघायला लागला होता. सहा गुंडे झाले होते. सध्या टकळी बंद आहे. नवं पोतं मागच्या खोलीत कुलपात ठेवलंय.

पहिलं पोतं देताना वहिनींनी बजावलं होतं, "भाऊजी, ही जावळाची लोकर हाये, कोकराची पहिली. लेकरू हातात येऊ द्या, मंग बसा कातायला. आधी बिलकुल न्हाई." मी हसून म्हणालो, "वहिनी, शुभस्य शीघ्रम्!" फार शहाणा माणूस मी. आमची तृप्ती बाळंतपणाला आलेली. ती शेजारी बसून, मोठ्या पोटावर लोकर ठेवून, मला कातायला लोकरीचे पेळू वळून द्यायची. बाळासाठी हातभर घोंगडी करायची होती.

दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. तुला कळवायला तीनदा कागद घेतला, तिन्ही वेळा नुसती तारीख लिहून ठेवून दिला.

डॉक्टर म्हणतात, लोकरीचा काय संबंध? मलाही ते कळतं. तृप्तीनं एका शब्दानं दोष दिला नाही. ती फक्त ते गुंडे मांडीवर घेते आणि सुताचा पीळ उलटा सोडवत बसते. वीतभर सुटलं की तुटतं, मग पुढचं. काल म्हणाली, "बाबा, ह्याची परत लोकर होते का?"

आई म्हणून ज्योत्स्ना समोर बसून तिला दोन घास खाऊ घालते, तेवढंच पोटात जातं. मंगळवारी दुपारी पोरगी न सांगता बाहेर पडली. मी चपला न घालता मागं धावलो. स्टेशनवर, फलाटाच्या पार टोकाला उभी होती. हात धरला तर म्हणाली, "पाय मोकळे करायला आले." तिच्याही पायांत चपला नव्हत्या.

वहिनींना जल्दी पाठव, मिळेल त्या बसनं. तिच्यादेखत त्यांनी मला चांगलं फैलावर घ्यावं. या घरात कुणीच कुणावर रागवत नाही, आणि ती अजून एकदाही रडलेली नाही.

रायभान, माझी लेक जिवाचं काही करून घेईल, अशी मला भीती वाटते.

वहिनींचं न ऐकलेला,
रामकिसन