बुनयोंगने ब्रेकला सोन्याचा वर्ख लावला त्याची हकिगत

माझी एकुलती एक, आणि म्हणून नाइलाजाने लाडकी बहीण खामनोय हिस,

डोंगरावरून थोरल्या सेंगलाचा आशीर्वाद. (खाली तुझ्या गावात पोचेपर्यंत शिळा होऊ नये म्हणून मीठ लावून पाठवते आहे. मिठागरातल्या बाईकडे दुसरं असतं काय.) तुझे गुडघे कसे आहेत? माझेही तसेच आहेत, फक्त मी गावभर सांगत फिरत नाही. नवऱ्याचा खोकला, तुझी नवी कवळी आणि तो एका डोळ्याचा कोंबडा, सगळे ठीक असतील असं धरून चालते. कोंबड्यावरून आठवलं, तुझ्या समोरच्या त्या थोंगदीशी, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानदाराशी, भांडण अजून चालूच आहे ना? चालूच ठेव. तुझं काही चुकलेलं नाही. दुकानाबाहेर गाड्यांचे आरसे टांगायचे आणि कोंबड्याने त्यातल्या कोंबड्याशी मारामारी केली की ओरडायचं, ही कुठली रीत? आरशांवर फडकी टाकावीत माणसाने.

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मागच्या खेपेला मी नुसता घसा साफ केला, तोवर तुझं कोंबड्याचं सुरू झालं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, एवढ्यासाठी हा खटाटोप. चार इयत्ता शिकले, त्यातलीही एक हरवलेली म्हैस शोधण्यात गेली, तेव्हा अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

तर माझा जावई बुनयोंग. तो तुला माहीतच आहे, माझ्या फिकुनच्या लग्नात स्वतःच्याच मिरवणुकीत मागे राहिला होता तो. त्याची मीठ वाहायची पिकअप गाडी गेले कित्येक दिवस ब्रेक दाबला की किंचाळते. आधी आम्ही दचकायचो. मग सवय झाली. मग सोय झाली. खालच्या वळणावर किंचाळी आली की फिकुन चिकट भात वाफेला ठेवायची; वरच्या वळणावर आली की मी मिरच्या भाजायला घ्यायची; तो दारात यायचा तेव्हा ठेचा तयार. विहिरीचं खारं पाणी उकळून मीठ काढणाऱ्या बायका त्या आवाजावर चुलीतली लाकडं मागेपुढे करायच्या. गावाला घड्याळ मिळालं होतं, ते दुरुस्त कोण करणार. बुनयोंगला तर वाटायचं आपण आलो की गाव जागं होतं. गाव जागं व्हायचं, पण कुत्री भुंकायची म्हणून.

पण फिकुनचे दिवस भरत आलेत. पोट एवढं पुढे आलंय की तिला स्वतःची चप्पल शेजारणीला विचारून शोधावी लागते. आमच्या इथल्या दवाखान्यात पोटदुखीची गोळी मिळते, बाळ मात्र खालीच, मोठ्या इस्पितळात. खालून रुग्णवाहिका बोलावता येते, पण मागच्या पावसात आमच्या शेजारणीसाठी ती वर पोचली तेव्हा पोराला नाव ठेवून झालं होतं. म्हणजे आपलीच गाडी, आणि तो आपला घाट. मी जावयाला म्हटलं, बाबा, किंचाळतंय ते चाक दाखवून तरी आण.

चुआन मिस्त्रीने चाक काढलं. मीही गेले होते, कारण बुनयोंग मिस्त्र्याने सांगितलेलं अर्धंच घरी आणतो. त्याचं असं की आत एक लोखंडी चकती चाकाबरोबर फिरते, तिला डिस्क म्हणतात, आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. पॅड झिजून भाकरीच्या पापुद्र्यासारखे झाले होते. त्यांच्यात एक पत्र्याची जीभ मुद्दाम ठेवलेली असते. पॅड संपत आले की ती चकतीला घासते आणि किंचाळते. म्हणजे इतके दिवस गाडी आम्हाला हाका मारत होती आणि आम्ही भात लावत होतो. चकतीचं तर विचारू नकोस. मिठाच्या खारट पाण्याने गंजलेली, अंगावर चरे, कडेला धार आलेली, आणि किती पातळ झाली की फेकायची ते तिच्यावरच कोरलेलं असतं, त्याच्याही खाली गेलेली. मला लगेच कळलं. जन्मभर खलबत्ता वापरलाय. खल आतून खाचाखाचांचा झाला की नवा बत्ता आणून उपयोग नाही, मिरची खाचेत बसते आणि बत्ता फुकट झिजतो. चुआनही तेच म्हणाला, पॅड आणि चकत्या एकदमच बदला, दोन्ही पुढच्या चाकांचे. कधी, असं बुनयोंगने विचारलं. त्यावर चुआनने हात पुसले आणि म्हणाला, ‘‘किंचाळते आहे तोवर माझ्याकडे आण. किंचाळायची थांबून गुरगुरायला लागली की माझ्याकडे नको, थेट भंतेंकडेच ने.’’

आता हे ऐकून कुठलाही माणूस चाक तिथेच ठेवून आला असता. आमचा बुनयोंग चाक लावून घरी आला. कारण काय, तर गाडी घेतली तेव्हा विहारातल्या थोरल्या भंतेंनी तिच्यावर मंतरलेलं पाणी शिंपडलं होतं, पांढरा लेप लावला होता, वर्ख लावला होता, आणि त्या वेळी चाकांवरही चार थेंब उडाले होते. (मी होते तिथे. ते चाकांवर नाही, माझ्यावर उडाले होते.) मग चकत्या भंगारात दिल्या की त्यांच्यावरचं पुण्यही भंगारात, असा त्याचा हिशेब. आणि द्यायच्याच असतील तर मुहूर्तावर. मंगळवार तापट. बुधवारी आपण केस कापत नाही, तर ब्रेक कसे काढायचे? गुरुवार गुरूचा. शेवटी ज्योतिष्याकडे जाऊन आला आणि दिवस घेऊन आला पौर्णिमेनंतरचा. फिकुनला नर्सने सांगितलंय पौर्णिमेच्या आधी.

तोवर धोका नको म्हणून त्याने काय केलं ते ऐक. बसली असशील तर बसूनच राहा. त्याने विहाराच्या दारातून सोन्याचा वर्ख आणला, जो आपण मूर्तीला लावतो तो, आणि दोन्ही चकत्यांना लावायला बसला. जुनं पुण्य झिजलं असेल तर वरून नवा थर. वर्ख गंजावर बसेना. मग घरात येऊन माझं केसांना लावायचं खोबरेल नेलं. मला वाटलं जावई केसांची काळजी घ्यायला लागला. त्याने चकत्यांना तेल चोळलं, वर्ख बसवला, हात जोडले, चाकं लावली. आणि खामनोय, किंचाळी थांबली. अंगणात गाडी मागेपुढे केली, आवाज नाही. बुनयोंगने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आणि चुआन दोघांनी त्याची माफी मागावी. त्या दिवशी भात उशिरा झाला, कारण तो आला कधी ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, विहारात मीठ द्यायला निघालो. फिकुन घरी, मी पुढे त्याच्या शेजारी, मागे मिठाची पोती. विहार उताराच्या अगदी टोकाशी. बुनयोंग उतारभर मला श्रद्धा म्हणजे काय ते समजावत होता. फाटक जवळ आलं तेव्हा त्याने बोलणं थांबवलं. गाडी थांबली नाही. तो पाय आपटत होता, अगदी उभा राहून, जसा तू झुरळ मारतेस, आणि गाडी तेल लावून मालिश केलेल्या पैलवानासारखी डुलत चाललेली. हँडब्रेक ओढला तर तो निवांत हातात आला, जणू पसंत असेल तर घरी न्या. फाटकातून आम्ही आत, झाडू मारणारे एक भंते नीट बाजूला झाले, आणि नव्या वर्षाच्या सणाला स्तूप करायला गावाने पुण्य म्हणून वाळू वाहून ढीग केलाय ना, त्यात गाडीचं नाक दरवाजापर्यंत गेलं. सगळ्या गावाचं पुण्य एका ठिकाणी साठलेलं होतं म्हणून वाचलो. मला खरचटलंसुद्धा नाही. मांडीवर अंड्यांची टोपली होती, एक फुटलं, ते मी बुनयोंगच्या वाटणीचं धरलं आहे.

थोरले भंते आले. खाली वाकून चाकात पाहिलं. आत सोनं चमकत होतं. बुनयोंग वाळूतच लोटांगण घालून म्हणाला, वर्ख लावला नसता तर आज आम्ही मेलो असतो. भंते म्हणाले, वर्ख लावला नसता तर फाटकाबाहेरच थांबला असतास. मग या शहाण्याने विचारलं की भंते, तुम्हीच तर गाडीला लेप लावला होता. त्यावर त्यांनी गाडीचं दार उघडून आत छताकडे बोट दाखवलं, चालकाच्या डोक्याच्या बरोबर वर. ‘‘लेप मी इथे लावला होता, बुनयोंग. चाकांना कधी लावत नाही. बिघाड कुठे होतो ते इतक्या वर्षांत मला कळलंय.’’ एवढं बोलून ते चहा प्यायला गेले. जाता जाता म्हणाले, विहाराची गाडी दर सणाआधी चुआनकडे असते, पाणी नंतर शिंपडतो.

तुला वाटेल आता शहाणपण आलं. छे. गाडी ढकलत चुआनकडे नेली आणि याचं म्हणणं, चकत्या नुसत्या पुसून दे, मुहूर्तापर्यंत हळू चालवीन. चुआन म्हणाला, पॅड तेल प्यालेत, पुसून काही होत नाही. बुनयोंग म्हणाला, साबणाने पुस. हे असं चाललं होतं, तेवढ्यात फिकुन आली. चालत. इस्पितळात न्यायची पिशवी भरून हातात. चुआनच्या गॅरेजात एकच खुर्ची, तिच्यावरचं सामान तिने जमिनीवर ठेवलं आणि बसली. खुर्ची दिसेनाशी झाली. ओरडली नाही. माझी लेक आहे, ओरडण्यात दम घालवत नाही. म्हणाली, ‘‘तुझा मुहूर्त पौर्णिमेनंतरचा. माझा पौर्णिमेच्या आधीचा. दोन्हीतला कुठला पुढे ढकलता येतो ते बघ, मी बसले आहे.’’

बुनयोंगने तिच्या पोटाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि ज्योतिष्याला विचारून येतो म्हणाला. चुआनने त्याच्या हातात पाना दिला. आणि मग, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, जावयाने स्वतःच्या हाताने चकती काढली, वार न विचारता. आणि आज बुधवार आहे.

तर अशी इकडची सगळी खुशाली. काही काम होतं म्हणून लिहायला बसले असं मुळीच नाही. बहिणीची आठवण आली, एवढंच. बाकी भेटीत.

तुझी थोरली,
सेंगला

ता. क. हे पत्र घेऊन आलेला सवारी गाडीवाला तुझ्या दारात उभा असेल. तू वाचते आहेस तोवर तो उभाच आहे, हे आधी लिहायला हवं होतं. त्याच्या हातात माझ्या नेसायच्या जुन्या सारोंगमध्ये गुंडाळलेलं जड काहीतरी आहे. ती मिठाई नाही, कवळीची परीक्षा घेऊ नकोस. ती जुनी चकती आहे, नमुन्याला. पॅड चुआनकडे आहेत, चकत्या नाहीत. हुबेहूब अशा दोन थोंगदीच्या दुकानातून घेऊन गाडीवाल्याबरोबर आजच वर पाठव. पैसे त्याच्याकडे दिलेत. त्याला जेवू घाल, उपाशी माणूस वळणं जोरात घेतो.

ता. क. थोंगदीबद्दल मी वर जे लिहिलंय ते पत्राच्या सुरुवातीला लिहिलं होतं. आरशांवर फडकी टाकली तर गिऱ्हाइकाने बघायचं काय? माणूस तसा वाईट नाही. कोंबड्यावर टोपली पालथी घाल, आणि जाऊन माफी माग. गाडीवाल्याकडे मिठाची पिशवी आहे ती त्याच्यासाठी, तुझ्यासाठी नाही. तो चकतीवरचं सोनं पाहून हसला तर हसू दे.

ता. क. फिकुन अजून चुआनच्या खुर्चीतच आहे. कच्चा आंबा खाते आहे आणि उठायला तयार नाही. नर्स डोकावून गेली, म्हणाली बाळाला घाई नाही, पण त्याला वाट बघायला लावू नका. नव्या चकत्यांना लेप लावायचा का म्हणून बुनयोंग विचारतोय. खोबरेल मी लपवलं आहे.

ता. क. बाळंतपणाला तू येशीलच. तुझ्या नवऱ्याच्या गाडीने येणार असशील तर निघण्यापूर्वी त्याला एकदा ब्रेकचं विचार. तो म्हणाला, आधी आवाज यायचा, आता आपोआप थांबलाय, तर पिशवी घे आणि चकत्यांबरोबर सवारी गाडीनेच ये.