सोळा ग्रॅमची कबुली

मी, गहिनीनाथ सहादेव पालवे, मूळ राहणार तिसगाव, ता. पाथर्डी, हल्ली मुक्काम सावेडी, अहिल्यानगर, धंदा वजनकाटे व मापयंत्रांचे कॅलिब्रेशन, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र आज शनिवारी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वय अधिक-उणे एक वर्ष धरावे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी वर्गातल्या सगळ्यांना एक जून हीच जन्मतारीख लावली. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो मीही तपासून पाहिला, सकाळी एक ते तीसचे वर्ग न अडखळता म्हटले. कोणाची बळजबरी नाही, चहा सोडून कसले व्यसन नाही. सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

पण खरे सांगतो, त्या शस्त्रक्रियेचा मला विसरच पडलाय! गुरुवारी माझ्या लेकीने असे एक गणित काढले की तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही आणि एका जागी बसवत नाही. माझ्या वकील ॲड. निकिता ढाकणे समोर बसल्या आहेत. त्या म्हणतात, "नाना, आधी घर-जमीन लिहा. गणित शेवटी." ठीक आहे.

कलम १. सावेडीतील राहते घर पत्नी छबूबाई हिला, तिच्या पश्चात दोन्ही मुलांना निम्मे-निम्मे. बँकेतल्या ठेवीही तिच्याच. स्वयंपाकघरातले पाच किलोचे बिडाचे वजन तिने त्रेचाळीस वर्षे लिंबाच्या लोणच्यावर दाब म्हणून वापरले आहे. ते आता किती भरते हे मोजायची माझी हिंमत झाली नाही. तेही तिच्याकडेच राहावे आणि कोणीही ते तपासायला माझ्या लॅबमध्ये आणू नये.

कलम २. तिसगावची दोन एकर सात गुंठे जमीन चिरंजीव अमृत याला. अमृत पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, पण दर दिवाळीला बांधावर जाऊन उभा राहतो, तेवढे मला पुरे आहे. मोजणी चैत्राच्या उन्हात झाली होती. उन्हात साखळी लांबते आणि लांबलेली साखळी जमीन कमी दाखवते. म्हणजे, अमृत, दोन खाटा मावतील एवढी जागा तुला कागदापेक्षा जास्तच मिळते आहे. शेजाऱ्याला हे सांगत बसू नकोस.

कलम ३. नट किती जोराने आवळला हे दाखवणारे माझे सात टॉर्क पाने मुलगी ज्ञानेश्वरी हिला. कर्जतचे ट्रॅक्टर मेकॅनिक आसाराम मिस्त्री यांना यातला एकही पाना उसना देऊ नये. २०११ साली मी माझ्या हाताने तपासून दिलेल्या पान्याने ते खिळा ठोकताना मला दिसले. मी ओरडलो, तर म्हणाले, "नाना, लोखंडच हाय की वो!" त्यांना माझ्या आठवणीदाखल एक चांगली हातोडी विकत घेऊन द्यावी.

कलम ४. एक मिलिग्रॅमपासून वीस किलोपर्यंतची प्रमाण वजने, मखमलीच्या पेट्यांसह, ज्ञानेश्वरीला. उघड्या बोटांनी शिवायचे नाही हे तिला सांगायची गरज नाही. अमृतला होती. पाच वर्षांचा असताना त्याने गुळाच्या हाताने शंभर ग्रॅमचे वजन उचलले आणि मी त्याला दोन धपाटे दिले. बाळा, त्याबद्दल मला वाईट वाटते. वजन पुन्हा तपासून आले होते, काही बिघडले नव्हते.

कलम ५. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ज्ञानेश्वरीने एवढे शिकवावे. "माझे माप शंभर टक्के बरोबर" असे जो म्हणतो त्याला दारात उभे करू नये. मी इतके मोजले आणि इतका चुकलेलो असू शकतो, असे जो लिहून देतो तोच आपला. या चुकण्याच्या हिशेबाला आम्ही अनिश्चितता म्हणतो. ती तपासणीच्या दाखल्यावर लिहिताना लाज वाटायचे कारण नाही. हे मी वीस वर्षे शिकवत आलो आणि स्वतः मात्र ज्या एका बाबतीत चुकलो तिथे अधिक-उणे काहीच लिहिले नाही.

कलम ६. आता वकीलबाई अडवत नाहीत, म्हणून लिहितो. एम.आय.डी.सी.तील लॅब, जागा व यंत्रांसह, निम्मी ज्ञानेश्वरीला आणि निम्मी श्री. वाल्मिक दादाभाऊ वारे, राहणार जामखेड, यांना.

वाल्मिक माझा पहिला भागीदार. तागड्या दुरुस्त करायची विद्या आम्ही दोघांनी एकाच उस्तादाकडे घेतली. १९९९ साली आम्ही दिल्लीहून पहिला इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. वाल्मिक स्वतः आणायला गेला. विकणाऱ्याने तिथेच वीस किलोचे प्रमाण वजन ठेवून काटा वीसवर लावून दिला, आणि वाल्मिकने तो दीड दिवस रेल्वेत मांडीवर घेऊन आणला. इथे आम्ही आमचे वीस किलोचे वजन ठेवले. काट्याने १९.९८४ दाखवले. सोळा ग्रॅम कमी!

बाहेर गिऱ्हाईक उभे होते. मी त्यांच्यादेखत म्हणालो, "वाल्मिक, तू काटा पाडलास."

तो म्हणाला, "गहिन्या, आईची शपथ. मी त्यो खाली ठिवलासुदिक न्हाई."

"मग सोळा ग्रॅम गेले कुठं?"

"मला न्हाई ठावं. पर मी पाडला न्हाई."

मी रजिस्टर उघडले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'वाल्मिकच्या हातून पडला.' त्याने ते वाचले, पायात चपला घातल्या आणि जामखेडची एस.टी. धरली. छबूबाई त्या दिवशी म्हणाली होती, "वाल्मिकभावजी खोटं बोलायचे न्हाईत." मी तिचेही ऐकले नाही. काटा इथल्या वजनाने पुन्हा लावला, तो सुतासारखा सरळ चालला, आणि मी विषय संपवला. पुढे वाल्मिकने जामखेडला काटे दुरुस्तीचे दुकान टाकले. तिसगावच्या बाजारात समोरासमोर आलो की आम्ही दोघेही भाजीकडे बघायचो. सव्वीस वर्षे असेच चालले.

गुरुवारी ज्ञानेश्वरी शिकाऊ मुलांसाठी जुन्या रजिस्टरांतून उदाहरणे शोधत होती. हे पान तिने पाहिले आणि विचारले, "नाना, काटा दिल्लीत लावला होता ना? मग इथं कमी दाखवणारच की."

माझ्या अंगावर काटा आला. पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते. दिल्लीत ती थोडी जास्त आहे. आपले नगर विषुववृत्ताला जवळ आणि उंचावर, म्हणून इथे थोडी कमी. तागडीला त्याचे सोयरसुतक नाही, कारण दोन्ही पारड्यांवर ओढ सारखीच असते. आम्ही दोघे तागडीवर वाढलेले! पण इलेक्ट्रॉनिक काटा वजनाचा दाब मोजतो. दिल्लीत लावलेला काटा नगरला आणला तर तो कमीच दाखवणार. ज्ञानेश्वरीने आकडेमोड केली. वीस किलोमागे साडेपंधरा ग्रॅम. आणि उरलेला अर्धा ग्रॅम? तो काट्याच्या अनिश्चिततेत आरामात मावतो!

काटा पडला नव्हता. वाल्मिकने तो फुलासारखा आणला होता. ही ओढ मी पुढे शिकलो, फोर्स मोजण्याच्या यंत्रासाठी दर वर्षी तिचा आकडा वापरला, शेकडो मुलांना फळ्यावर लिहून दाखवला, आणि एकदाही मला ते रजिस्टर आठवले नाही. आठवायचे नव्हते, असे म्हणणे जास्त खरे. मी चुकलो. यात अधिक-उणे काही नाही.

गुरुवारपासून मी वाल्मिकला अकरा फोन केले. त्याने एकही उचलला नाही. म्हणून आज पहाटे ज्ञानेश्वरी ते रजिस्टर घेऊन गाडीने जामखेडला गेली आहे. सोमवारनंतर माझे काय होईल ते डॉक्टर जाणोत, पण त्याच्या तोंडावर हे सांगितल्याशिवाय मला त्या टेबलावर झोपायचे नाही.

वकीलबाईंनी दोनदा चहा घेतला. पावणेतीन वाजले. गाडी वाजली!

पुरवणी, दुपारी सव्वाचार. वाल्मिक आला. केस पार पांढरे, उजव्या गुडघ्यात लंगडतो. मी उठायला लागलो तर म्हणाला, "बस खाली, छातीला धक्का लागंल." मग त्याने खिशातून चष्मा काढला, ज्ञानेश्वरीची आकडेमोड कागदावर ओळीन् ओळ स्वतः करून पाहिली. त्याला चाळीस मिनिटे लागली. मी हात जोडले, मला रडू आले, आणि हे मी लाजेखातर लपवून ठेवत नाही. तो म्हणाला, "पोरगी लई हुशार हाय. तुझ्यावर न्हाई गेली."

मग मी कलम सहा वाचून दाखवले. पूर्ण. तो म्हणाला, "निम्मी लॅब मी काय करू? माझं दुकान हाय. मला ह्याच्यावर साक्षीदार म्हणून सही करू दे."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं, त्यानं साक्ष करू नये. एक तर हिस्सा घ्या, नाही तर सही करा."

"सही," वाल्मिक म्हणाला. "आपल्या दाखल्यावर दोन सह्या असत्यात. एक मोजणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. ह्यानं मोजलंय, 'मी चुकलो' म्हणून. तपासणार मी."

सबब, कलम ६ मधील निम्म्या हिश्श्याची तरतूद रद्द. लॅब संपूर्ण ज्ञानेश्वरीची. कबुली मात्र कायम. १९९९ च्या रजिस्टरातला माझा शेरा मी आत्ताच एका रेघेने खोडला, बाजूला सही व तारीख घातली. आमच्या धंद्यात चूक गिरगटून मिटवत नाहीत, पुढच्याला वाचता आली पाहिजे.

हेच माझे एकमेव व अखेरचे मृत्युपत्र. आधीचे काही असेल तर ते मी विसरलो आहे आणि तुम्हीही विसरा. अंमल ॲड. निकिता ढाकणे यांनी करावा.

ठिकाण : अहिल्यानगर
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५

(सही) गहिनीनाथ सहादेव पालवे

साक्षीदार :

१. (सही) डॉ. संस्कृती गर्जे, सावेडी. लिहिणारे शुद्धीवर असून त्यांनी माझ्यासमोर सही केली. नाडी जलद आहे, त्याचे कारण मला कळले.

२. (सही) वाल्मिक दादाभाऊ वारे, जामखेड. तपासले. बरोबर आहे. सोमवारी पुण्याला याच्यासोबत मी जाणार आहे.