खिडकीकडची जागा

९ फेब्रुवारी २००९, सोमवार

तोंड दाखवायची सोय ठेवली नाही मी!

सून माझी, चंद्रा. गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर. मार्गासनीहून रोज पुण्याला किरणांचा शेक घ्यायला न्यायचं, ते काम माझ्याकडं. लघवीची पिशवी भरलेली असली की आतडी वर सरकतात, शेकात सापडत नाहीत. म्हणून शिवापूर आलं की तिनं बाटलीभर पाणी प्यायचं. तिथं पोचून प्यायलं तर नंबर जातो, परतीची एसटी चुकते.

आज प्यायली बिचारी. कात्रजच्या बोगद्याशी गाड्या तुंबल्या. तिला धरवेना. सीट ओली झाली. कंडक्टर ओरडला, "कुणाचं हाय हे? लाज न्हाई का!" चंद्रानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. जशी काय ती माझी कुणीच नाही!

नातवाच्या पाटीवर अक्षरं गिरवून लिहायला शिकले — ते असलं लिहायला?

१० फेब्रुवारी

पाणी प्यायली नाही.

१२ फेब्रुवारी

यंत्रावरची सबिहा भोरची. जिभेनं तिखट, मनानं गोड. शेकाआधी रोज पोटाचा फोटो काढते. तिच्याकडं चंद्राच्या पोटात किरणं कुठं सोडायची त्याचे तीन नकाशे — पिशवी भरलेली, अर्धी, रिकामी. फोटो येईल तसा त्या दिवसाचा नकाशा लावते.

"आज पण रिकामी! चंद्राताई, किरणं मी हलवीन हो, आतडी कुठं हलवू?"

चंद्रानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आज्जी, तुम्ही तरी सांगा की हिला."

"सांगते हां," म्हटलं. काय सांगते, कपाळ!

१६ फेब्रुवारी

जुलाब. पेजही टिकत नाही पोटात. डॉक्टर म्हणाले, आतडी भाजतायत, असंच चाललं तर शेक थांबवावा लागेल. आणि मधे खंड पडला तर रोग परत डोकं वर काढेल. "पाणी का पीत नाहीत या?" मला विचारलं. खरं कारण सोडून गोळ्यांचंच विचारत बसले!

घरी पाय चेपायला बसले, तर तिनं पाय ओढून घेतले. "ऱ्हाऊ द्या आत्या, दमला असाल." एवढंच. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी

बोलले एकदाची. "चंद्रे, चुकलं माझं. उद्या पी. मी हाय ना."

"तवाबी व्हताच की तुमी."

व्हतेच की.

१८ फेब्रुवारी

शिवापूरला बाटली पुढं केली. घेईना. मग मीच प्यायले, निम्मी! कात्रजपर्यंत जीव असा कासावीस — दांडी गच्च धरून बसले. चंद्रा बघतच राहिली.

"आत्या, तुमी कशाला वो?"

"बघते तुला कसं हुतंय ते."

हसली! किती दिवसांनी. उरलेल्यातले दोन घोट घेतले तिनं. दोनच.

१९ फेब्रुवारी

आज सगळी बाटली प्यायली. खिडकीशी तिला बसवलं, मी कडेला. बोगद्याशी पुन्हा तेच. कंडक्टर पण तोच.

"परत? आता कुणाचं हे?"

उठून उभी राहिले. "माझं. म्हातारीला धरवत न्हाई बाबा."

लुगडं माझं कोरडं ठाक! चंद्रानं माझा पदर मुठीत धरला, तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

सबिहानं आज अर्ध्याचा नकाशा लावला.